चेकबुक संपेपर्यंत

चेकबुक म्हणजे काय चीज असते हे सेलूच्या आमच्या गल्लीत आमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या वर्षी मला रोज वाटायचं की आम्हालाही ठाऊक नसतं तर किती बरं झालं असतं. आम्ही धनगर. आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे ताडकळसचे. मेंढरं राखण्यापेक्षा ती विकत घेऊन रेल्वेनं हैदराबादला पाठवण्यात चार पैसे जास्त आहेत हे त्यांना त्यांच्या भावांच्या आधी कळलं, आणि स्टेशन जवळ पडतं म्हणून ते सेलूला येऊन राहिले. घर मातीचं, पुढं अंगण, मागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं मोठं वाडगं. बाजार जवळ आला की त्या वाडग्यात मेंढरांची अशी दाटी व्हायची की मधून चालायला वाट राहायची नाही. एकीकडून कापसाच्या जिनिंगचा भोंगा, दुसरीकडून गाडीची शिट्टी आणि मधे ही सगळी बें-बें. आमच्या घरातली माणसं त्यामुळं मोठ्यानं बोलायची. मी पुढं मास्तरीण झाले तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला मला कधी त्रास पडला नाही. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुमच्या भाकरीलासुद्धा लेंड्यांचा वास येतो. साफ खोटं. मायची भाकरी टम्म फुगायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल, सोबत अंबाडीची भाजी. ती खायला त्याच मुली दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या.

बँकेचं सांगते. हैदराबादचा व्यापारी मेंढरांचे पैसे आबांच्या खात्यावर भरायचा, आणि इथं मेंढपाळांना तर बाजारात हातावर रोकड टेकवावी लागायची. बाजार आठवड्याचा, म्हणून दर बाजाराला एक चेक लिहायचा. माझ्या मायचा भाऊ लक्ष्मणमामा आमच्याकडंच राहून आबांच्या हाताखाली काम करायचा. तो चेक घेऊन बँकेत जायचा आणि उपरण्यात नोटा बांधून आणायचा. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रक्कम मी लिहायची, कारण मी सातवी पास होते, आणि ही गोष्ट आबा आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी सांगायचे. सही मात्र त्यांची स्वतःची, आणि तीही उर्दूत. निजामाच्या राज्यात वॅगनचे कागद उर्दूत असत, तेव्हा स्टेशनातल्या एका मुनशीनं त्यांना त्यांचं नाव तेवढं गिरवायला शिकवलं होतं. पुढं राज्य गेलं, निजामाचा हाली रुपया जाऊन हिंदुस्थानचा कलदार आला, बँकेत बाहेरून आलेले नवे बाबू बसले, पण आबांचं दस्तखत तेच राहिलं. मांडी घालून, टाक दौतीत बुडवून, जीभ दाताखाली धरून ते सही करायचे, तेव्हा घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही.

दसरा होऊन गेला होता. आबा वाडग्यात एका मेंढ्याचा लंगडता पाय उचलून बघत होते, आणि बघता बघता स्वतःच त्याच्यावर कलंडले. लक्ष्मणमामानं उचलून आत आणलं. उजवं अंग सगळं गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. वैद्य येऊन नाडी बघून, चोळायला तेल सांगून गेले. सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं गेलं. एकच शब्द तेवढा उरला, "बाजार". पाणी पाहिजे असलं तरी बाजार, कूस बदलायची असली तरी बाजार, माशी बसली तरी बाजार. पहिल्या दिवशी आम्ही रडलो. चौथ्या दिवशी मला एकदा हसू फुटलं, आणि मायनं माझ्याकडं असं बघितलं की ते हसू मी आजतागायत पुरतं गिळलेलं नाही.

आबा पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी खराखुरा बाजार होता. दारात मेंढपाळ येऊन बसलेले, वाडग्यात मेंढरं, स्टेशनात वॅगन लागलेली आणि घरात रोकड नाही. मायनं कडी लावली, संदुकीतून चेकबुक काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"कर," ती म्हणाली.

"काय करू?"

"तुज्या आबाची सही. रोज बघायलीस की."

मी पाटीवर आधी सराव केला. रेल्वेच्या एका जुन्या कागदावर आबांची सही होती, ती समोर ठेवली. मला ती अक्षरं नव्हतीच, चित्र होतं. डावीकडं एक लांब शेपूट, मग होडीसारखं काहीतरी, मधे दोन दात, उजवीकडं एक आकडा, आणि वर-खाली ठिपके. ठिपके विसरायला नकोत म्हणून मी तेच आधी देऊन टाकायची. आठ-दहा वेळा पाटी पुसली. मग चेकवर केली. मामा चेक घेऊन गेला आणि तासाभरानं नोटा घेऊन आला. माय देवापुढं साखर ठेवून आली, आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला. मी सोळा वर्षांची होते. आपण काय केलंय हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुढच्या बाजाराला मायनं पुन्हा कडी लावली तेव्हा कळलं.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. परभणीला बायकांना मास्तरणीचं ट्रेनिंग मिळायचं, राहायची सोय तिथंच. आबांनी माझं लग्न थोपवून धरलं होतं ते त्याच्यासाठी. ताडकळसचे चुलते म्हणायचे, पोरीला घोडनवरी करायलाय. आबा म्हणायचे, मास्तरीण करायलोय. अर्ज गेला होता, आणि दिवाळीत कागद आला की घेतलं आहे, मिरग निघायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या हप्त्यात, हजर व्हावं. मी तो कागद मायला वाचून दाखवला. ती ज्वारी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "जा की. कोन नको म्हनलंय? हे चेकबुक संपू दे. तवर आबाचा हात येतोय का बघू. बुक संपलं की जा."

मी लगेच उठून संदुकीपाशी गेले आणि पानं मोजली. बावीस होती. दर बाजाराला एक म्हटलं तर होळीच्या आसपास संपणार. होळी ते मिरग मधे भरपूर दिवस. मी त्या दिवशी आनंदानं आबांच्या पायाला दुप्पट तेल चोळलं.

आणि त्या दिवसापासून घराचा खोडा झाला. मायचं म्हणणं असं की आबांचा हात गेल्याचं बँकेला कळलं तर खातं बंद करतील, आणि ताडकळसला कळलं तर दोन्ही चुलते गाडी जुंपून येतील, मेंढरं हाकून नेतील आणि आपल्या हाती धुपाटणं. म्हणून कुणाला काही सांगायचं नाही. आबांना मागच्या खोलीत ठेवलं, खिडकीला गोणपाट लावलं. कुणी विचारलं तर आबा हैदराबादला गेलेत, व्यापाऱ्याकडं हिशोब अडकलाय. कधी म्हणायचं ताप आहे, लागण होईल, आत येऊ नका. शेजारीण एकदा म्हणाली, अगं आत कुणीतरी बाजार बाजार म्हणायलंय. मायनं पापणी न हलवता सांगितलं, राघू पाळलाय. पुढं तो राघू बघायला शेजारणीची पोरं येऊ लागली, तेव्हा राघू मेल्याचंही सांगावं लागलं. मैत्रिणी भाकरी खायला यायच्या त्या बंद झाल्या. मला पाण्याला पाठवणं बंद झालं, कारण आडावर बायका बोलतं करतात. वाडगं झाडायचं, आबांना भरवायचं, आणि दर बाजाराला कडी लावून सही करायची. शिट्टीवरून मला कळायचं परभणीकडं जाणारी गाडी कुठली आणि येणारी कुठली. जाणारीच्या वेळी मी हातातलं काम थांबवायची. माय म्हणायची, "कान कुठं हायेत तुजे?"

होळीला बुक संपणार हा माझा हिशोब, पण मायनं पानं राखायला सुरुवात केली. मला आधी कळलंच नाही. दोन बाजारांची रोकड एकाच चेकवर काढायची. मेंढपाळांना सांगायचं, निम्मे आज घ्या, निम्मे पुढच्या बाजाराला. लोकर विकली की पैसे बँकेत टाकायचे नाहीत, मडक्यात ठेवायचे आणि त्यातून खर्च भागवायचा. एका हप्त्यात तर तिनं मामाला बाजारालाच जाऊ दिलं नाही, त्याचं अंग दुखतंय म्हणून सांगितलं. मामाचं अंग दुखत नव्हतं, तो ओसरीवर बसून दिवसभर विड्या ओढत होता. संक्रांत झाली तरी सतरा पानं शिल्लक. मी म्हटलं, माय, एवढी काटकसर कामून? ती म्हणाली, "तुला काय कळतंय. एकेक पान म्हंजी एकेक चोरी हाय. जेवढ्या कमी तेवढं बरं." आणि चोरी करणारा हात माझा होता.

मग मीही माझ्या अकलेनं चालले. ती राखते तर आपण नासायची. एकदा रकमेचा आकडा चुकवला. एकदा दौत कलंडली. ती कलंडली नव्हती, मी कलंडवली होती. रद्द झालेल्या पानावर आडवी रेघ मारताना मला जे सुख व्हायचं ते मी कुणाला सांगू? तिसऱ्यांदा मी शेपटीला मुद्दाम फाटा फोडला आणि म्हटलं, "बिघडली बाई." माय समोर बसली होती. तिनं पान बघितलं, मला बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थोबाडीत मारली. मोठ्यानं नाही, पण मारली. त्यानंतर संदुकीची किल्ली तिच्या कमरेला गेली, आणि सही करताना ती माझं मनगट धरल्यासारखी जवळ बसू लागली. आतून आबा म्हणायचे, "बाजार." ती म्हणायची, "आले आले," आणि उठायची नाही.

मी पुढं पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. मुद्दाम चुकणारं पोर मला लांबून ओळखू यायचं. दुसऱ्या मास्तरणी त्याला आळशी म्हणायच्या, मी त्याला विचारायची, कुठं जायचंय रे तुला? बहुतेक वेळा त्याला खरंच कुठंतरी जायचं असायचं.

वैशाख लागला. चार पानं राहिली होती. मायनं बुक माझ्यापुढं उघडलं आणि चेकच्या आधी एक वेगळ्या रंगाचा कागद निघाला. आकार चेकएवढाच, पण रकमेची जागा नाही, नुसती सहीची ओळ. मी म्हटलं, हे काय? मामा दारात उभा होता, तो म्हणाला, "नवं बुक मागायची चिठ्ठी हाय ती. पानं सरत आली की आधीच भरून द्यायची, म्हंजी अडत न्हाई. तुजे आबा दरसाल देत्यात." ह्यावर बँक नवं बुक देणार. नव्यात पन्नास पानं.

पन्नास. इतके दिवस मी एकेक पान ढकलत होते, आणि त्या बुकाच्या पोटातच दुसरं बुक बसलेलं. मी मायकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "आत्ता मिरगाच्या तोंडावर खातं अडून कसं चालंल? एवढी चिठ्ठी कर. पुढल्या साली जा. ट्रेनिंग कुठं पळून जायलंय?"

मी रडले, ओरडले, भाकरी टाकून उठले. सोळा वर्षांच्या पोरीला जेवढं येतं तेवढं सगळं केलं. आणि संध्याकाळी सही केली. का केली, असं माझी लेक मला विचारते. घराला आग लागली असती तर मी पाणी ओतलंच असतं ना? मला तेव्हा ते तसंच वाटत होतं. चुलते येतील, आबांना उघड्यावर टाकतील, आणि माझ्यामुळं. मी शेपूट काढलं, होडी काढली, दात काढले, आकडा काढला. आजवरची सगळ्यात सुबक सही झाली ती.

नवं बुक घेताना रजिस्टरात सही करून घ्यावं लागे, आणि मामाला सही येत नव्हती, म्हणून मला जावं लागलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मी गल्लीच्या बाहेर पडले. ऊन रणरणत होतं, पण मला वाटलं रस्ता संपूच नये. मायनं मामाला आणि मला चारचारदा पढवलं होतं. कुणी काही विचारलं तर सांगायचं, मालकाचा उजवा हात दुखतो, म्हणून त्यांनी डाव्या हातानं सही केली. बस. पुढं बोलायचं नाही.

चेक वटवायच्या खिडकीवर तरणे बाबू बसायचे. त्यांना उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. नमुन्याशी चित्र जुळवायचे आणि पैसे द्यायचे, म्हणून आमचं निभावलं होतं. नवी बुकं मात्र कोपऱ्यातल्या एका टेबलावर मिळायची. तिथं वहीदसाहेब म्हणून जुन्या वेळचे कारकून होते. काळी शेरवानी, कोपरावर विटलेली. पूर्वी म्हणे सगळी बँक त्यांच्या हाताखाली होती. आता उर्दू कागद संपले तसं त्यांना रजिस्टर, डिंकाची बाटली आणि बुकांचं कपाट देऊन कोपऱ्यात बसवलं होतं. मामानं मालकाची लेक म्हणून मला पुढं केलं आणि चिठ्ठी दिली. वहीदसाहेबांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा," ते म्हणाले, "उर्दूत दस्तखत करणारे आता तुमचे मालकच तेवढे राहिलेत. एरवी माझ्या टेबलावर उर्दू लिहिलेलं काही येतच न्हाई."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, नुसती वाचायच्या हौसेनं. बघता बघता त्यांचं हसू मावळलं. चिठ्ठी त्यांनी उजेडाकडं तिरपी धरली. मग आजूबाजूला बघून माझ्याकडं एक स्टूल सरकवलं.

"बस, बेटी. ही सही कुणाची?"

मामा घाईघाईनं म्हणाला, "मालकाचीच. उजवा हात दुखायलाय, डाव्यानं केली."

वहीदसाहेब त्याच्याशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, "हे बघ. उर्दू उजवीकडून डावीकडं चालते. टाक बुडवला की पहिल्या हर्फावर, पहिल्या अक्षरावर, सियाही दाट पडते, पुढं पुढं फिकट होते. तुझ्या वालिदांची सही मी वीस बरस बघतो. आकडा दाट, शेपूट फिकं. ह्यात शेपूट दाट हाय आन आकडा फिका. ठिपके तर सगळ्यांच्या आधी दिलेत, वरून रेघ गेलीय. माणूस डाव्या हातानं लिहू दे, न्हाईतर पायानं लिहू दे, आपलं नाव उलटं चालवत न्हाई. हे मराठी लिहिणाऱ्या हातानं केलंय." आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खरं काय ते सांग."

मी मामाकडं बघितलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता. डाव्या हाताचं खोटं पुन्हा सांगायचं जिवावर आलं असं नाही. मी ते सांगितलंही असतं. पण ते त्यांनी मानलं असतं तर पन्नास पानं घेऊन मला त्याच रस्त्यानं परत जावं लागलं असतं, आणि न मानलं तर पोलीस. दोन्हीकडून मी आतच. मी म्हटलं, "मी केली. सगळ्या मीच केल्या. आबांचा हात दसऱ्यापासून गेलाय."

मामा भिंतीला टेकला. वहीदसाहेबांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि ते टोपलीत न टाकता शेरवानीच्या खिशात घातले.

"मागचं मी काही बघितलं न्हाई," ते म्हणाले. "मी फक्त बुकं देतो. पण बेटी, हे सगळं कशासाठी? आजारी माणसाचा अंगठा चालतो. आमच्यातला एकजण घरी येतो, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतो, दोन साक्षी घेतो, पैसे मिळतात. खातं बंद होत न्हाई, काही न्हाई. मी तर तुझ्या अम्मांना सांगितलं होतं."

मी म्हटलं, "कुणाला?"

"संक्रांतीच्या आधी एक बाई आल्या होत्या. नाव न्हाई सांगितलं. म्हणाल्या, नात्यात एकाचा हात लुळा पडलाय, बँक काय करते? मी सगळं समजावलं. दोनदा विचारून गेल्या. त्यांच्या संगती हेच उभे होते." आणि त्यांनी मामाकडं बोट केलं.

मामा जमिनीकडं बघत होता. येताना रस्त्यात तो म्हणाला, "तिनं मला आन घातली होती, गंगू. तुला सांगू नको म्हनून."

घरी आलो तेव्हा माय आबांना दूध-भाकरी कुस्करून भरवत होती. एक हात त्यांच्या मानेखाली, एका हातात वाटी.

"बुक मिळालं का?"

"चिठ्ठी फाडली त्यांनी. मी खरं सांगितलं." मी चढ्या आवाजात म्हटलं, "माय, तुला अंगठ्याचं ठाऊक होतं."

मला वाटलं ती नाही म्हणेल, चिडेल, मामाला शिव्या देईल. तिनं आबांची हनुवटी पदरानं पुसली. "होतं," ती म्हणाली.

मग मी काय काय बोलले ते सगळं लिहायची मला आज लाज वाटते. मी म्हटलं, तू मला चोर केलंस. मला कोंडून घातलंस. आबांना अंधारात ठेवलंस, राघू म्हणालीस, मेला म्हणालीस. चुलते, खातं, सगळ्या थापा. एक अंगठा लावला असता तर मी केव्हाच मोकळी झाले असते. आबा डाव्या हातानं अंथरूण चाचपत होते आणि माझ्याकडं बघून "बाजार, बाजार" म्हणत होते, आणि मी त्यांच्याही अंगावर ओरडले. माय घास भरवत राहिली. वाटी रिकामी झाल्यावर तिनं ती खाली ठेवली.

"झालं तुजं?" ती म्हणाली. "अंगठा लावला असता की तू गेली असतीस. मग ह्या घरात कोन हाय? लक्षिमन बाजारच्या पायी गावोगाव. ह्यांना दिवसभर इचारते, काय पायजे, काय पायजे. ह्यांच्या तोंडून एकच शबुद. मला बोलायला एक मानूस नको व्हय गं?"

"मग मला राहा म्हणायचं होतंस. तेवढं तरी तोंड उघडायचं होतंस."

"म्हनले असते तर तू राहिली असतीस," माय म्हणाली. "मला ठाऊक हाय तुजं मन. राहिली असतीस आन जलमभर मला शिव्या दिल्या असत्यास. त्यापरीस त्या बुकाला दिलेल्या बऱ्या, म्हनले."

ती वाटी घेऊन उठली आणि चुलीकडं गेली.

दोन दिवसांनी बँकेचे साहेब आणि वहीदसाहेब घरी आले. खिडकीचं गोणपाट काढलं तेव्हा आबांनी उजेडापुढं डोळे मिटून घेतले. वहीदसाहेबांनी त्यांचा डावा अंगठा आपल्या हातानं शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. आबा त्या ठशाकडं बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपली सही गेली हे त्यांना कळलं होतं. चुलतेही आले, खरोखर गाडी जुंपून आले. दोघं आबांच्या उशाशी बसून लहान पोरांसारखे रडले, चार दिवस राहिले, वाडग्याचं कुंपण नीट करून दिलं आणि मेंढरू काय, लोकरीचा पुंजकासुद्धा न नेता परत गेले. सात महिने आम्ही कुणाला घाबरत होतो कुणास ठाऊक.

मिरग निघायला तीन दिवस असताना मी निघाले. मामाला आबांपाशी बसवून माय स्टेशनवर आली. पिशवीत धपाटे आणि चटणी तिनंच बांधून दिली होती. त्या दोन-अडीच हप्त्यांत ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, मीही तिच्याशी तेवढंच. मी डब्यात चढून खिडकीशी बसले. ती खाली उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. म्हणाली, धपाटे आजच खा, उद्या त्यांना वास येईल. म्हणाली, पैशे चोळीत ठेव. गाडी हलली तशी ती खिडकीला धरून चार पावलं चालली. ती राहा म्हणते का, याच्याकडं माझं सगळं ध्यान लागलं होतं. तिनं तेवढं म्हटलं असतं तर मी चालत्या गाडीतून उतरले असते, आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि खिडकी सोडून दिली.